पडद्यावरचा नवीन

किट अंगावर चढलं की माणूस नाहीसा होतो आणि मागे पांढरं गाठोडं उरतं. उंच की बुटका एवढंच काय ते कळतं. बाकी डॉक्टर कोण, सिस्टर कोण, फरशी पुसणारे मामा कोण, सगळे एकाच माळेचे मणी. म्हणून जळगावच्या त्या सरकारी रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात एक रीतच पडून गेली होती. आत जाण्याआधी एकानं दुसऱ्याच्या छातीवर आणि पाठीवर जाड मार्करनं नाव लिहायचं. भूपेंद्रचं नाव लिहिताना नवीन दर वेळी कुरकुरायचा. "तुझ्या घरच्यांना जोडाक्षराशिवाय नाव सुचलं नाही का रे? निम्मा मार्कर तुझ्यावरच संपतो."

आता तोच नवीन आत होता. कोपऱ्यातल्या खाटेवर, तोंडावर घट्ट मास्क बांधून पालथा झोपलेला. आणि भूपेंद्रला एका जागी उभं राहवत नव्हतं. या मॉनिटरकडून त्या मॉनिटरकडे, तिथून औषधांच्या ट्रॉलीकडे, ट्रॉलीकडून फोनकडे, अशा त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. कामाचा डोंगर होताच. पण हात रिकामे असले तरी पाय थांबत नव्हते. सिस्टर म्हणायच्या, "डॉक्टर, बसा की घटकाभर, भोवरा झालाय तुमचा." तो हो म्हणायचा आणि चालू लागायचा.

दोघंही मेडिसिनचे निवासी डॉक्टर, होस्टेलला एकाच खोलीत. नवीन रावेरकडच्या केळीवाल्या घरातला, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. भूपेंद्र धुळ्याकडचा, बोलणं कमी, चिंता जास्त. त्याची आई रोज फोनवर विचारायची, "जेवना का रे भाऊ? बठ्ठं बेस शे ना तठे?" आणि हा रोज सांगायचा, "बठ्ठं बेस शे, माय." सगळं ठीक आहे, हेच इथला प्रत्येक ज्युनिअर घरी सांगत होता, आपापल्या बोलीत. खोटं बोलण्याचं एवढं शिस्तशीर काम त्या एप्रिलात दुसऱ्या कुठल्या खात्यात झालं नसेल.

नवीनचं खोटं मात्र सगळ्यांच्या वरताण होतं. पहिल्या लाटेत त्याची आई गेली होती. तेव्हापासून त्याच्या वडिलांनी, तोताराम आबांनी, एकच धोशा लावला होता. डॉक्टरकी गेली चुलीत, तू घरी ये, माझ्याकडं आता दुसरं कोणी नाही. नवीननं त्यांना शब्द दिला होता की मला साधी कणकण आली तरी पहिला फोन तुम्हाला करीन. म्हाताऱ्यानं शब्दावर विश्वास ठेवला, पण अर्धाच. बागा गड्यांच्या भरवशावर टाकून तो सरळ जळगावला, पिंप्राळ्याला बहिणीकडं येऊन राहिला. पोराला भेटता येत नसेल तर निदान त्याच्या गावात तरी राहू, एवढाच त्याचा हिशेब. रोज दुपारी रिक्षानं यायचा, फाटकावर डबा द्यायचा आणि रिकामा डबा घेऊन जायचा.

आणि नवीनला कणकण आली तेव्हा त्यानं फोन केलाच नाही. कणकणीचा ताप झाला, तापाचा खोकला झाला, आणि एका सकाळी जिना चढताना तो मध्येच पायरीवर बसला. स्ट्रेचरवरून आत नेताना त्यानं भूपेंद्रचं मनगट धरलं. "आबांना कळता कामा नये. आई गेल्यावर ते कसेबसे उभे राहिलेत. चार दिवसांत मी बरा होतो, मग मीच सांगीन. तुला माझी आण आहे, भूप्या."

भूपेंद्रनं मान डोलावली. अशा वेळी दुसरं काय करणार. आजारी मित्राशी वाद घालायला फार मोठं काळीज लागतं.

रोज संध्याकाळी नवीन मोबाइलवर दोन शब्द टाइप करायचा, 'कामात आहे', आणि आबा त्यावर समाधान मानायचे. बोलायचं म्हटलं तर धाप लागायची, म्हणून फोनच घ्यायचा नाही. डबा आत यायचा. कळण्याची भाकरी, ठेचा, कधी शेवभाजी, आत्यानं हात सोडून तेल घातलेली. मास्क काढला की ऑक्सिजनचे आकडे घसरायचे, त्यामुळं नवीनच्या पोटात दोन चमचे पेजेपलीकडं काही जात नव्हतं. भरला डबा परत पाठवला असता तर आबांनी फाटकावरच ठिय्या दिला असता. मग काय, भूपेंद्र आणि त्याची सीनिअर ज्योत्स्ना मॅडम पाळी संपवून मागच्या जिन्यात बसायचे आणि तो डबा चाटूनपुसून संपवायचे. भूपेंद्रला घास गिळताना लाज वाटायची. पण भूकही लागलेली असायची, आणि ठेचा असा की बोटं चाटावीत.

तर त्याच विभागात मधल्या रांगेत सकीनाचाची होती. नशिराबादची, साठीची, बारीक अंगाची बाई. तिचा जीव त्या घट्ट मास्कवर अवलंबून होता आणि तिला तो मास्क म्हणजे कोणी नरडं धरल्यासारखा वाटायचा. पाठ वळली की ओढून काढायची. समजावून झालं, रागावून झालं, हात बांधायची वेळ आली होती. नवीननं तिच्यावर स्वतःचा एक आचरट उपाय काढला होता. तिच्यासमोर उभं राहून म्हणायचा, "चाची, तुम्ही काढला तर मी पण काढतो. मरू दोघंही." आणि खरंच स्वतःच्या मास्कला हात घालायचा. चाची घाबरून आपला मास्क परत लावायची. "नको बेटा, तू मत निकाल. तेरी माँ को क्या बोलूंगी मैं."

एक दिवस ती हट्टाला पेटली तेव्हा नवीननं खरोखरच मास्क खाली ओढला होता. क्षणभरच. भूपेंद्रनं ते पाहिलं होतं आणि त्याला शिव्या घातल्या होत्या. आजार तिथूनच आला असं काही सांगता येत नव्हतं. हवाच विषानं भरलेली होती. पण ते दृश्य भूपेंद्रच्या डोक्यातून जात नव्हतं.

नवीन आजारी पडला आणि चाचीनं पुन्हा मास्क काढायला सुरुवात केली. "नवीन डॉक्टर किधर गया? वो बोलेगा तोच लगाऊंगी." खरं सांगितलं असतं तर तिनं सगळं आपल्या माथ्यावर घेतलं असतं, आणि अशा माणसाला जगायची इच्छा राहत नाही. शेवटी एका सकाळी किट घालताना भूपेंद्रनं मार्कर घेतला आणि स्वतःच्या छातीवर स्वतःच्याच हातानं लिहिलं, 'डॉ. नवीन'. ज्योत्स्ना मॅडमनं ते पाहिलं. भुवया वर केल्या. मग मार्कर घेऊन त्याच्या पाठीवरही तेच नाव लिहिलं.

उंची साधारण सारखी. आवाज मास्कमधून सगळ्यांचाच घोगरा. भूपेंद्र चाचीसमोर उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, नवीनसारखा. "चाची, तुम्ही काढला तर मी पण काढतो."

चाचीनं छातीवरची अक्षरं लावून लावून वाचली आणि रुसली. "इतने दिन किधर था रे?"

"दुसऱ्या वॉर्डात."

"अब मत जा."

त्या दिवसापासून भूपेंद्र आत गेला की नवीन व्हायचा. चाचीला पाणी पाजायचा, पालथं झोपायला लावायचा, नवीनसारखी टिंगल करायचा. आपल्याला एवढं बोलता येतं हे त्याला स्वतःलाच नवल होतं. आणि चाची सुधारू लागली. आकडा हळूहळू वर सरकू लागला, खाणं वाढलं, शेजारच्या बाईला दटावायलाही लागली. विभागात त्या दिवसांत चांगली म्हणावी अशी तेवढी एकच गोष्ट घडत होती.

कोपऱ्यात मात्र उलट चाललं होतं. नवीनचा श्वास दिवसेंदिवस वर वर जात होता. भूपेंद्र तिथं जायचा, आकडे बघायचा, औषध बदलायचा, "मस्त आहेस, नव्या" म्हणायचा आणि निघायचा. बाकी सगळ्यांपाशी तो थांबायचा, फक्त त्या खाटेपाशी पाय ठरत नव्हते. छातीवर ज्याचं नाव, त्याच्याच पुढं उभं राहायचं म्हणजे आरशात पाहून घाबरण्यासारखं होतं.

मग ती सकाळ आली. ज्योत्स्ना मॅडमनं त्याला भिंतीकडं घेतलं. "मास्कवर भागत नाहीये आता. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागेल. आजच, फार वेळ नाही."

भूपेंद्रला हे माहीतच होतं. माहीत असलेलं ऐकताना जास्त लागतं. "चला मग."

"घरच्यांना सांगितल्याशिवाय नाही. तो नियम सगळ्यांना आहे, त्यालाही आहे."

"मॅडम, त्यानं आण घातलीय."

"घातली असेल. तो शुद्धीवर आहे तोवरच्या गोष्टी त्या." त्यांनी कोपऱ्यातल्या मॉनिटरकडं पाहिलं. "नळी पडली की तो बोलणार नाही. जागाही नसेल. मागाहून त्या म्हाताऱ्याला काय सांगणार आहेस? तुमचा डबा आम्ही खात होतो?"

भूपेंद्र बाहेर आला. किट उतरवलं तेव्हा आतून आंघोळ केल्यासारखा निथळत होता. मागच्या दारानं निघाला, पुन्हा फिरला, तोंड धुतलं, पुन्हा निघाला. वाक्यं जुळवत होता. आबा, घाबरू नका. आबा, जरा बसा. एकेक वाक्य पहिल्यापेक्षा नादान.

नातेवाइकांसाठी फाटकाशी मांडव घातलेला होता. ऊन एवढं की मांडवाच्या सावलीलाही चटके बसावेत. आत काय चाललंय ते कळत नाही, म्हणून लोकांनी मध्यंतरी आरडाओरडा केला होता, तेव्हा रुग्णालयानं मांडवात एक टीव्ही टांगला. आतल्या कॅमेऱ्यातलं चित्र त्यावर दिसायचं. सगळा विभाग नाही, मधली रांग तेवढी. आत कॅमेरा आहे हे भूपेंद्रला माहीत होतं. पण भिंतीवरची पाल जशी रोज असते म्हणून दिसेनाशी होते, तसं त्याचं झालं होतं.

तोताराम आबा त्या टीव्हीखालीच बसले होते. पांढरा सदरा, टोपी, मांडीवर डबा. शेजारी सकीनाचाचीचा मुलगा आतिफ.

"ये रे भूपेंद्र," आबा म्हणाले. चेहरा उजळलेला होता. "बस. घामाघूम झाला तू. नव्या केव्हा सुटतं?"

"आबा, मला तुमच्याशी..."

"आधी माहं ऐक. मी त्याले रोज पाह्यतो, माहीत हाये का तुले? या आतिफनं दाखवलं. म्हने, ते पाहा चाचा, डॉक्टर नवीन, छातीवर नाव हाये. याच्या मायले पानी पाजत व्हता. असं डोकं धरून, जसं लहान लेकराचं धरतात." आबांनी हवेत हाताची ओंजळ करून दाखवलं. "त्याची माय गेली तव्हापासून मी त्याच्या मागं लागेल व्हतो, सोड हे, घरी चाल. पन हे पाह्यलं आन् मले वाटलं, नाही. नव्याच्या मायजवळ अशा वेळी कोनी नव्हतं. आता मी त्याले कधी अडवनार नाही. सांगजो त्याले, आबानं सांगितलं म्हना."

आतिफ मान डोलवत होता. "फरिश्ता है चाचा आपका लडका."

भूपेंद्रची सगळी जुळवलेली वाक्यं पार वाहून गेली. पळून जावंसं वाटलं त्याला, सरळ धुळ्याची एसटी धरावी आणि आईच्या स्वयंपाकघरात जाऊन बसावं. पण एसटी बंद होत्या, आणि आत मॅडम वाट बघत होत्या.

"आबा, तो मी होतो."

"कोन?"

"टीव्हीवर दिसायचा तो. चाची नवीनशिवाय कोणाचं ऐकत नव्हती, म्हणून मी त्याचं नाव छातीवर लिहून घेत होतो. नवीन आत ॲडमिट आहे. आजारी आहे, आबा. त्यानं मला आण घातली होती तुम्हाला न सांगण्याची."

आबांनी आधी पडद्याकडं पाहिलं. तिथं पांढरी गाठोडी इकडून तिकडं जात होती. मग भूपेंद्रकडं. मग पुन्हा पडद्याकडं, जणू त्यातलं एखादं तरी गाठोडं उठून म्हणेल की हा पोरगा खोटं बोलतोय.

"मंग डबा?"

"आम्ही खाल्ला."

आतिफ उठून उभा राहिला आणि काय करावं ते न सुचून आबांच्या पाठीवर हात ठेवला. आबांना तो कळलाही नसावा. ते सावकाश बोलले, एकेक शब्द मोजून घेतल्यासारखे.

"त्या बाईजवळ तू व्हता. मंग माह्या पोराजवळ कोन व्हतं?"

'मीच होतो' असं भूपेंद्रला म्हणता आलं असतं. अर्धं खरंही होतं ते. पण आज त्याच्याजवळचं खोटं संपलं होतं. "मी जायचो. पण थांबायचो नाही. मला त्याच्याजवळ थांबवत नव्हतं, आबा."

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डबा आतिफच्या हातात दिला, टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि उठले. उठता उठता मात्र राग आला, आणि तो आला तो पोरावर. "बापाशी खोटं बोलतं? चाल, मले ने आत. कान धरतो त्याचा. चार लोकात धरतो. शब्द देल्हता त्यानं मले."

"आबा, आता नळी टाकायचीय त्याला. त्यानंतर तो बोलू शकणार नाही."

आबा थांबले. राग चेहऱ्यावर तसाच राहिला, फक्त त्याच्याखालचं सगळं ढासळलं. "मंग चाल लवकर," ते म्हणाले. "लवकर चाल रे."

नातेवाइकांना आत सोडायची परवानगी नव्हती. ज्योत्स्ना मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा म्हाताऱ्याकडं पाहिलं आणि किट पुढं केलं. "कोणी विचारलं तर मी बघते." भूपेंद्रनं आबांची टोपी काढली, डोक्यावरून पांढरी टोपडी चढवली, चष्मा लावला, मास्क दोनदा दाबून पाहिला. स्वतःही पुन्हा किट चढवलं. मार्कर समोरच पडला होता. कोणी उचलला नाही, वेळ कोणाला होता. आबा सगळा वेळ आतून पुटपुटत होते. कान धरतो. दोन लगावतो. मोठा आला डॉक्टर. म्हाताऱ्याच्या पायात ते प्लास्टिकचे बूट अडकत होते आणि तरी तो भूपेंद्रच्या पुढं चालत होता, कुठं जायचं माहीत नसताना.

मधल्या रांगेतून जाताना सकीनाचाचीनं मान उचलून दोघांच्या कोऱ्या छातीकडं पाहिलं आणि मान पुन्हा खाली ठेवली.

नवीनला आता उताणं, उशांना टेकवून बसवलं होतं. खांदे श्वासाबरोबर वर उचलले जात होते. आईसारखंच टोकदार नाक, ते मास्कमध्ये चेपलेलं. आबा खाटेच्या कडेला पोचले आणि त्यांचं पुटपुटणं बंद झालं. भूपेंद्र त्यांच्या मागं, नवीनच्या डोक्याच्या बाजूला राहिला.

नवीननं डोळे उघडले. समोर एक पांढरं गाठोडं उभं होतं, वाफेनं धूसर झालेल्या चष्म्याचं, बिननावाचं. त्यानं बोटं हलवली. आबांनी ती धरली.

"भूप्या," नवीन म्हणाला. मास्कच्या आतून आवाज तुकड्या-तुकड्यानं येत होता. "टाकणार ना आता... नळी?"

गाठोड्यानं मान डोलावली.

"आबांना... सांगितलं नाहीस ना?"

रावेरच्या बाजारात लिलावाच्या वेळी ज्याचा आवाज चार ट्रकांपलीकडं जायचा, तो माणूस आता बोलणार, असं भूपेंद्रला वाटलं. आबांचे खांदे एकदा हलले. मास्कच्या मागं तोंड उघडल्याचं दिसलं, मिटल्याचंही दिसलं. मग त्यांनी मान हलवली. डावीकडून उजवीकडं, सावकाश, टोपडीतूनही स्पष्ट कळावं अशी.

"बरं केलंस," नवीन म्हणाला. त्याच्या कपाळावरची आठी सैल झाली. "त्यांना... नाही सोसायचं."

नाही, असं तोताराम आबांनी पुन्हा मानेनंच सांगितलं, आणि त्याचा हात दोन्ही हातांत धरून ताठ उभे राहिले.